भाचीसाठी शिवलेलं भौतिकशास्त्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. असतं तर वकिलांचा मसुदा मी तीनदा खोडला नसता. गुडघे आणि डावा कान सोडले तर तब्येत बरी आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकान आणि मागच्या दोन खोल्या मी स्वतःच्या कमाईने घेतल्या आहेत. त्या मी माझ्या भावाच्या मुलीला देते. ती जन्मापासून अंध आहे. अंधांची शाळा माझ्या घराजवळ, म्हणून भावाने तिला नवव्या वर्षी माझ्याकडे आणून सोडलं आणि ती माझीच झाली.

२. मोठ्या कपाटात कापडावर शिवलेले एकशे बारा तक्ते आहेत. तेही भाचीचे. ते काय आहेत हे पुढे कुणाला कळावं, म्हणून सविस्तर लिहिते.

दहावीनंतर भाची म्हणाली, "आत्या, मला भौतिकशास्त्र शिकायचंय." कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, "त्यात आकृत्या असतात. हिला गाणं शिकवा." भाचीचा आवाज घोगरा आहे. गाणं शिकवलं असतं तर शेजारी घर सोडून गेले असते.

त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक पँट आखूड करायला आले. आयुष्यभर हाच विषय शिकवलेले. मी विचारलं, "सर, हे शास्त्र आहे तरी कशाबद्दल?"

ते म्हणाले, "वस्तू का हलते, का तापते, का वाजते, का दिसते आणि मुळात कशाची बनली आहे. बाकी सगळा तपशील."

"मग तुम्ही वाचून दाखवा. मी शिवते."

माझं शिक्षण सातवी. सरांनी प्राचार्यांना गाठून भाचीला प्रवेश मिळवून दिला आणि दोन वर्षं रोज दुपारी आले.

पहिला गठ्ठा यामिकीचा, म्हणजे गती आणि बळांचा. बळाचा बाण जाड दोऱ्याचा, टोकाला गाठ. बळ जास्त तर बाण लांब. दुसरा उष्णतेचा. बर्फाचे कण गाठींच्या सरळ रांगांत, पाण्याचे विस्कटलेले, वाफेचे लांब लांब. हा तक्ता शिवताना इस्त्रीखालून वाफ का उसळते ते मला चाळीस वर्षांनी समजलं. तिसरा ध्वनीचा. हवा दाटते तिथे चुण्या जवळ, विरळ होते तिथे दूर.

चौथा प्रकाशाचा, आणि त्याची मला धास्ती होती. जे तिने कधी पाहिलं नाही ते बोटांना कसं सांगायचं? कापूस भरून भिंग फुगवलं आणि किरणांचे दोरे पलीकडे एका बिंदूत आणले. भाचीने बोटं फिरवली आणि थांबली.

"आत्या, मधला दोरा का वळलाय? भिंगाच्या मधोमध जाणारा किरण सरळ जातो."

सरांनी पुस्तक उघडलं. तिचं बरोबर होतं. आम्हा दोघांचे चार डोळे, चष्मे धरून आठ, आणि चूक तिने पकडली.

पाचवा वीज आणि चुंबकाचा. सहावा अणूचा. त्यात मी इलेक्ट्रॉन गोल कक्षेत फिरवले होते. सर म्हणाले, "ही जुनी समजूत. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं." मी सगळं उसवून मध्याजवळ दाट आणि बाहेर विरळ गाठी घातल्या. भाची बराच वेळ हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इथे कुणालाच दिसत नाही. सगळे माझ्यासारखेच चाचपडतायत."

सरांनी चष्मा काढून पुसला. मीही सुई खाली ठेवली.

३. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी तिला नुसतं बसून राहायला सांगितलं. तिने हट्टाने नादकाटा, म्हणजे ठोकला की एकाच सुरात वाजणारा चिमटा, मागितला. तो वाजवून पाण्याच्या नळीवर धरला, पाणी वरखाली करत आवाज सर्वांत मोठा कुठे होतो ते कानाने शोधलं आणि ध्वनीचा वेग काढला. त्यांनी तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा उत्तर जुळलं. त्या परीक्षकांवर माझा राग नाही. चौथ्यांदा त्यांनी स्वतः नळी धरली आणि "मला शिकवा" म्हणाले. आज भाची, "हिला गाणं शिकवा" म्हणणाऱ्या त्याच कॉलेजात शिकवते.

४. बँकेतल्या शिलकीतून तक्त्यांच्या नकला करून मागेल त्या शाळेला द्याव्यात. अट एकच: तिथे कुठल्याही मुलाला "हे तुझ्यासाठी नाही" असं कुणी म्हणू नये. नकला शिवण्यासाठी शिलाई मशीन, कात्र्या आणि दोऱ्यांचे डबे माझ्याकडे वीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्या बाईंना देते. त्यांचा टाका माझ्याहून बारीक आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही.

५. माझा भाऊ. "तू पोरीचं आयुष्य फुकट घालवतेस," असं तो म्हणाला आणि अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग एकदा भाचीला भेटायला आला असताना मी दाराआडून पाहिलं, तो डोळे मिटून तक्त्यावर हात फिरवत होता. त्या दिवशी निम्मा राग गेला. उरलेला निम्मा मी बरोबर नेते, त्यात कुणाचा वाटा नाही. भावाला वडिलांचं घड्याळ द्यावं.

६. कोपऱ्यावरचे चष्मेवाले या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही असं वकील सांगतात. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

७. फ्रेमवर ताणलेला एकशे तेरावा तक्ता अर्धवट आहे. तो सापेक्षतेचा. जड वस्तूभोवती अवकाशच वाकतं, असं म्हणतात. सर त्या प्रकरणाआधीच गेले आणि मला तर ते अजिबात उमगत नव्हतं. आता दर रविवारी भाची माझा हात धरून ताणलेल्या कापडावर फिरवते आणि मी डोळे मिटून ऐकते. गेल्या रविवारी थोडं कळलं. मी गेल्यावर तो तक्ता तिने पुरा करावा. मात्र त्याआधी मला सगळं कळलं आणि माझ्याच हातून तो पुरा झाला, तर हे कलम रद्द समजावं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, सकाळी अकरा

सही: आत्या

वरील मजकूर त्यांनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही)