विहिरीचा दोर

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, पण एकटीला पुरतं. काळजी करू नको.

विहीर आटल्यावर तू दिलेला दोर लई कामाला आला. माझ्या फुटबॉलच्या पोरी चेंडू दिसला की सगळ्याच त्याच्यामागं धावायच्या अन् आपला गोल उघडा पडायचा. आता बचावाच्या चौघींना मी तो दोर धरायला लावते. एक सरकली की बाकीच्या तिघी आपसूक सरकतात. सांजच्याला नव्या इमारतींची धूळ मैदानावर उतरते, दोर दिसेनासा होतो, अन् वाटतं, चार घागरी पाण्यावर डुलतायत.

परवा त्या चौघींतल्या चारुतानं दोर नाकाला लावला. म्हणाली, "मॅडम, ह्याला पाण्याचा वास येतो."

यंदा पाचोडला टँकर वेळेवर येतो का गं? आबांना हंडे उचलू देऊ नको.

काल दोर सोडायला लावला, तरी चौघी एका ओढीनं सरकल्या. आता पोरींना त्याची गरज नाय. गुंडाळून उशाशी ठेवलाय. विहिरीत पाणी दिसलं की कळव, घेऊन येते.

पाचोडकडं तोंड करून बसलेली,
तुझी मंजुषा