बोटीचं गाव हर्नडन

हर्नडन, व्हर्जिनिया
रविवार, १४ ऑक्टोबर २००७

प्रिय बाबा,

दरवेळी 'तीर्थरूप' लिहिते, आज मुद्दामच 'प्रिय' लिहिलंय. तीर्थरूपांवर रागावता येत नाही. कागदाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागात लिहायची ही कसली उधळपट्टी, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण शेवटी सांगते. फोनवर बोलले असते, पण मी जरा आवाज चढवला की तुमच्या फोनची रेंज जाते. म्हणून हे पत्र कुरियरने. पूर्ण वाचा, आणि वाचून होईपर्यंत बोटीचा एकही दोर सोडू नका.

मंगळवारी तुमचा फॅक्स मिळाला. ऑफिसच्या मशीनमधून 'रजा' बोटीचे कागद बाहेर येताना बघून शेजारच्या टेबलावरचा संजीव नेहमीसारखा म्हणाला, क्या बात है, ओनर मॅडम! तीन वर्षं झाली तरी त्याला या गोष्टीची गंमत वाटते. मलाही वाटायची. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून तुम्ही भारतीय पासपोर्ट काही सोडला नाहीत, ग्रीन कार्डावरच राहिलात. आणि बोटीला अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा कागद हवा तर मालक अमेरिकन नागरिक लागतो, असं कळलं तेव्हा आपल्याकडे लोक फ्लॅट बायकोच्या नावावर घेतात, तशी बोट माझ्या नावावर करून मोकळे झालात. आयुष्यभर जहाजांवर इंजिनिअर म्हणून राबलात, हवी तेव्हा रजा कधी मिळाली नाही, म्हणून बोटीचं नाव 'रजा'. कागदावर बोटीचं गाव लिहावं लागतं, म्हणून मागच्या बाजूला नावाखाली 'हर्नडन' रंगवून घेतलंत. हर्नडनला पाणी म्हणजे आमच्या घरामागचं बदकांचं तळं! ग्रीसमधले बंदरवाले नकाशावर हर्नडनचं बंदर शोधत बसतात, हे तुम्ही किती रंगवून सांगायचात. मालकीणबाई तर अशा, की पॅडल बोटीतही ओकतात. मी अजून 'रजा'वर पाऊल ठेवलेलं नाही. माझे वडील गुरुनाथ यांना माझी बोट चालवायला माझी परवानगी आहे, असं पत्र दर वर्षी तुम्हीच टाइप करून पाठवायचं आणि मी न वाचता सही ठोकायची. मुलीनं बापाला परवानगी द्यायची, हे ऐकून आईला हसू आवरलं नसतं.

या वेळच्या फॅक्समध्ये हसण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकन बोटीला युरोपात करमाफीचे अठरा महिने मिळतात, आणि 'रजा'चे अठरा महिने एकतीस तारखेला संपताहेत. मागच्या हिवाळ्यात इंजिन उघडून बसलात, बोट तिथेच अडकली, आणि मुदत आता गळ्याशी आली. एक दिवस जरी वर गेला तरी कर, दंड, नाहीतर जप्ती. धक्क्यावरची तुमची जागासुद्धा एक तारखेपासून दुसऱ्या बोटीला दिलेली आहे. समोर तुर्कस्तानचा किनारा, मोजून चार तासांचं पाणी. तिथे नोंद करून आलं की पुन्हा अठरा महिने मोकळे. हे सगळं मला पाठ झालंय. गेल्या महिन्यात मी म्हटलं, कर भरून टाकू, तर तुम्ही दोन दिवस फोन घेतला नाहीत. म्हटलं, एखादा माणूस लावा, तर म्हणालात, नाखवा भाड्यानं आणायचा तर बोट कशाला बाळगायची? आणि आता फॅक्सच्या तळाशी दोन ओळी. एकवीसला रविवारी वारा पडेल, एकटाच निघतो, सही ताबडतोब पाठव.

त्या दिवशी मी पेन हातात घेतलं होतं, बाबा. खरंच सही करणार होते. सही केली की माझं काम संपायचं. तीन वर्षांत एकदा तिकीट काढून तुमच्याकडे येण्यापेक्षा सही करणं सोपं होतं, हे आज मान्य करते. तेवढ्यात बरोबरच्या फॉर्मवर नजर गेली. बोटीवर कोण कोण आहे त्याचा तो तक्ता. नाव भरलंय, राष्ट्रीयत्व भरलंय, आणि उजवीकडचे जन्मतारखेचे, पासपोर्ट नंबरचे रकाने कोरे. तुम्ही कोरे सोडलेत! किराणा सामानाच्या यादीलाही समास आखणारा माणूस. आधी वाटलं, फॅक्सनं कागद खाल्ला. मग पुढचं पान पाहिलं. तेही तसंच.

आणि मला जुलैतलं ताट आठवलं. तुम्ही इथे आला होतात, मी भरली वांगी केली होती, आईच्या हातची व्हावीत म्हणून सकाळपासून खपले होते. तुम्ही डावीकडची कोशिंबीर संपवलीत, चटणी संपवलीत, लिंबाची फोडसुद्धा चोखलीत, आणि उजवीकडची वांगी आणि आमटी तशीच ठेवून उठलात. मी भडकले. आईसारखी झाली नाहीत तर तसं सांगा, ताटात टाकून उठायची पद्धत कुठली, असं कबीरसमोर बोलले. तुम्ही ताटाकडे पाहिलंत, जरा मान वळवून, आणि हात धुवायला गेलात. मला वाटलं, रुसलात. बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?

बुधवारी मी तुमच्या शेजारच्या बोटीवरच्या डच बाईंना फोन केला. त्यांच्यावर चिडू नका, मी खोदखोदून विचारलं. सप्टेंबरात धक्क्याला लागताना तुम्ही त्यांच्या बोटीला उजव्या अंगानं घासलंत. पाच दिवसांनी पुन्हा. मे महिन्यात एका सकाळी तुम्हाला चक्कर आली आणि तासभर शब्द सापडत नव्हते, हेही त्यांनीच सांगितलं. मुलीला कळवू नका म्हणून त्यांच्याकडून वचन घेतलं होतंत म्हणे. मी इथे रोज शंभर लोकांच्या सिस्टिममधल्या चुका शोधते आणि बापाच्या डोळ्याला अर्धं जग दिसेनासं झालंय, हे मला परक्या बाईकडून कळावं! त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. केदार, तुमचा लाडका जावई, म्हणतो, बंदर अधिकाऱ्यांना सरळ कळव, ते बोटच अडवतील. कबीर म्हणाला, आजोबा विल बी फाइन. त्याला काय सांगणार?

न्यू जर्सीत असताना एडिसनच्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही मला गाडी शिकवलीत ते आठवतं? चौरस्त्यावर दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची, आणि समुद्रावरही दोन बोटींचं तेच, असं दहादा घोकून घेतलं होतंत. आता त्या चार तासांच्या पाण्यात मधोमध मोठ्या जहाजांचा रस्ता आहे. उजवीकडून येणारं जहाज तुम्हाला कोण दाखवणार आहे, बाबा?

लहानपणी तुम्ही जहाजावर निघायचात तेव्हा आई मला घट्ट धरून ठेवायची. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, अपशकुन होतो. जिन्यावरून तुमची पावलं खाली जायची आणि मी ओठ मिटून उभी असायची. एकदा न राहवून हाक मारली तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून मी तुम्हाला कधी थांबा म्हटलं नाही. आई गेल्यावर तीन महिन्यांत तुम्ही बोट घ्यायला निघालात तेव्हाही नाही. शहाण्या मुलीसारखी फक्त सही केली.

या वर्षी परवानगीचं पत्र पाठवत नाहीये. बंदर कचेरीत फोन करून विचारलं, मालक स्वतः बोटीवर असेल तर ते लागतच नाही. म्हणून मालक येते आहे. शनिवारी, वीस तारखेला दुपारच्या फेरीबोटीनं. सोमवारी तुमची डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. ते जे सांगतील ते दोघांनी ऐकायचं. त्यानंतर एकतीसच्या आत एखादा शांत दिवस बघून 'रजा' पलीकडे नेऊ. सुकाणू डच बाई धरतील, त्या तयार आहेत. कॅप्टन तुम्हीच, हुकूम तुमचा. मी तुमच्या उजवीकडे उभी राहीन, बादली घेऊन ओकत का होईना, आणि तिकडून कोण येतंय ते सांगत राहीन. कागदाची उजवी बाजू कोरी सोडली, कारण तिथे लिहिलेलं तुम्हाला दिसलं नसतं. मला माहीत आहे, बाबा. आता लपवायला काही उरलं नाही. रविवारी वारा पडेल, पाणी तेलासारखं होईल, तुम्हाला मोह होईल. अपशकुन झाला तर होऊ दे, आई रागावली तर मी बघून घेईन. आज मी मागून हाक मारते आहे. थांबा.

साष्टांग नमस्कार, राग धरून केलेला.

तुमचीच,
रुचा
'रजा'ची मालकीण, मुक्काम हर्नडन