बैठकीची खोली आणि तिची बेल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, शिवाय चाळीस वर्षे बिनपगारी प्रॉम्प्टर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मी रागात आहे, पण त्याला दाखला लागत नाही असं वकीलबाई म्हणाल्या.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. याच्या बैठकीच्या खोलीत आम्ही नाटकं केली. वीस खुर्च्या खिडकीकडे, नट सोफ्याकडे, आणि स्वयंपाकघराचं दार म्हणजे विंग. माझे कैलासवासी पती नाटकं बसवायचे. मुख्य भूमिका धाकट्या दिरांची, कारण दुसरी त्यांनी कधी घेतलीच नाही. मी दाराच्या पडद्याआड वही घेऊन उभी. दिरांच्या सत्कारात माझा उल्लेख झाला तो "वहिनींचा चहा" एवढाच.

२. हे घर सोफा-खुर्च्यांसकट माझ्या नणंदेच्या मुलीला द्यावं. ती अजून अशी नाटकं करते. अट एकच, ती कलम चारमध्ये.

३. ही खोली आपल्या नावाने जतन व्हावी, असं धाकट्या दिरांनी मला लेखी कळवलं आहे. त्याचं उत्तर असं.

प्रयोगाच्या वेळी आम्ही बेलची वायर काढून ठेवायचो. तीस वर्षांपूर्वी एका नाटकात पाहुणा बेल वाजवून येणार होता, म्हणून त्या दिवशी ती काढली नाही. पाहुण्याच्या आधीच बेल वाजली. दिरांनी दार उघडलं. दारात माझ्या माहेरच्या शेजारचे शिंपीकाका, गळ्यात टेप, धापा टाकत. हलक्या आवाजात म्हणाले, "ताईला बोलवा. अण्णांचं काही खरं नाही, तिचीच आठवण काढताहेत."

दीर खणखणीत आवाजात म्हणाले, "घर चुकलात काका. इथे कोणाला काही शिवायचं नाहीये. उद्या या." आणि दार लावलं. लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या.

मला आत फक्त दिरांचं वाक्य ऐकू आलं. ते वहीत नव्हतं. दीर पदरची वाक्यं घालायचेच, म्हणून मी पानं उलटत ते कुठून कुठे गेले ते शोधत बसले. माझे वडील जात होते आणि मी पानं उलटत होते.

शिंपीकाका पाऊण तास पायरीवर बसून राहिले. भला माणूस, आत काही महत्त्वाचं चाललंय असं त्यांना वाटलं. मी पोचले तेव्हा अण्णांना जाऊन दहा मिनिटं झाली होती.

दिरांना कळलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. ताई कोण हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हा किस्सा ते आजही "प्रसंगावधान" म्हणून सांगतात, माझ्यासमोर, माझाच चहा पीत. पती म्हणाले, "प्रयोग वाचवला त्याने. जाऊ दे ना आता." मी पुढच्या महिन्यात पुन्हा वही घेऊन उभी राहिले, याबद्दल माझा स्वतःवरही राग आहे.

तेव्हा दिरांच्या नावाची पाटी, फोटो, साधा खिळासुद्धा या भिंतीला लागू नये. त्यांना मी त्या नाटकाची वही देते. त्यांचं ते वाक्य कोणत्या पानावर आहे, ते त्यांनी सावकाश शोधावं.

४. भाचीला अट : प्रयोगात बेल बंद ठेवायची नाही. वाजली की नाटक थांबवायचं, आलेल्याला आत घ्यायचं, पाणी द्यायचं आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. प्रयोग बिघडला तर बिघडू दे.

५. शिंपीकाकांना माझं शिलाई मशीन द्यायचं होतं. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. मला त्यांची साक्षच हवी आहे. मशीन भाचीने ठेवावं.

ठिकाण : बैठकीची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळी साडेदहा

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार :
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) शिंपीकाका, वय ८८. त्यांनी बेल वाजवली, दार मी उघडलं. सोफ्यावर बसून, पाणी पिऊन त्यांनी सही केली.