बोळातला अनंत

९ फेब्रुवारी
आज पुन्हा युवराजभाऊ. सकाळी बोळाचं फाटक वाजलं, बघते तर धाकटे दीर हातात खुरपं घेऊन उभे. न विचारता अनंताच्या बुडातली माती मोकळी करायला बसले. हे गेल्यापासून चहाला चारदा आले नसतील, आणि या आठवड्यात तिसरी खेप. 'वहिनी, यंदा हाई झाडले फुलं येतीन.' यांनी नवापूरहून आणलं तेव्हापासून पानंच येतात. फूल एक नाही.

१४ फेब्रु.
यु. म्हणे, बोअरचं पाणी जड, क्षाराचं आहे, म्हणून पानं पिवळी. बुडाशी साठलेला पांढरा थर नखाने खरवडून दाखवला. पुडीतून हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणला होता, तो बादलीत विरघळवून घातला. कुठून शिकलात विचारलं. 'मोबाईलवर देखं.' बायको सुमन बोंब मारते तरी हा माणूस स्वतःच्या शेतात पाणी धरायला जात नाही. माझ्या झाडासाठी मोबाईल बघतो?

२० फेब्रु.
कळलं. निदान कळलंसं वाटतं.
यु. आज म्हणाले, 'वहिनी, आठे दुपारनं ऊन लागस, भिंत तापस. झाड मांगे लई जाऊत.' मागे म्हणजे न्हाणीजवळ, निंबाखाली.
झाड आहे कुठे? आमच्या नि त्यांच्या घरामधल्या बोळात, फाटकातून आत शिरल्या शिरल्या. बोळ माझा. प्रवीणने, त्यांच्या मुलाने, दिवाळीला पिकअप घेतली पपई भरायला. ती रस्त्यावर उभी असते. बोळातून त्यांच्या मागच्या गोठ्याकडे न्यायची तर झाड आडवं येतं.
झाड हललं की गाडी आत. गाडी रोज आत यायला लागली की बोळ कुणाचा, ते मग कोण विचारतंय.

२१ फेब्रु.
हेमाला सुरतला फोन केला. माझीच मुलगी, पण म्हणते, 'मम्मी, काका चांगले आहेत गं. तू उगाच.' तिचं काय, ती चौथ्या मजल्यावर राहते.
दुपारी भिंतीला हात लावून पाहिला. चटका बसला. म्हणजे बोलले ते खोटं नाही. त्याचाच जास्त राग आला.

५ मार्च
सांगून टाकलं, झाड हलणार नाही. हिरवी जाळी आणली, वरून बांधते म्हटलं. यु.नी बांबू आणून पुरले. पुरून झाल्यावर दोन बांबूंमधलं अंतर वीत टाकून मोजत होते. कशाला?

२६ मार्च
कळ्या!! हिरव्या, पीळ दिलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. कुणाला सांगितलं नाही. यु.ना तर नाहीच. त्यांना आपोआप दिसल्या. खुरपं तसंच हातात धरून म्हणाले, 'भाऊले देखाले पाहिजे व्हत्यात.' मी आत निघून गेले.

४ एप्रिल
दोन कळ्या खाली. खुडल्या की गळल्या? सगळी नोकरी धडगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली, ओढून तोडलेलं नि आपसूक सुटलेलं मला ओळखू यायला हवं. देठ उलटसुलट करून पाहिला. सांगता येत नाही.

११ एप्रिल
सगळ्या गेल्या. एक उरली नाही.
आणि आजच सकाळी प्रवीण बोळात टेप घेऊन. काय रे? 'काही नही मोठी माय, गाडीनी रुंदी देखी ऱ्हायनू.'
संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सुमन भाकरी टाकत होती, बापलेक ताटावर. तिथेच बोलले. कळ्या तुम्ही पाडल्या. रोज काय काय ओतता बुडाशी. झाड मेलं की बोळ मोकळा, हेच ना?
प्रवीण हसला. यु.नी अर्ध्या ताटावरून उठून हात धुतला. 'सकाळपाईन मी येत नही वहिनी.' बस.
बोलले ते बरं झालं.

१८ एप्रिल
येत नाहीत. मीच घालते, पातळ ताक, उरलेला हिराकस. बोअरचं पाणी बंद, फिल्टरच्या जारमधलं देते. लोक हसतील.
सकाळी बोळ शांत असतो. बरं वाटायला हवं.

२ मे
सुमन आली. पापड लाटायला बोलवायचं निमित्त. एरवी माझी ही जाऊ निरोप धाडते. लाटता लाटता म्हणाली, 'ताई, बापलेकनं बोलणं बंद शे. तो म्हणस बोळ पाहिजे. त्याना बाप म्हणतस, भाऊनं झाड शे, त्याले हात लावाना नही.'
मग मागे न्या म्हणून माझ्या मागे का लागले होते?
'ते मले काय माहीत.' पोळपाटावरून मान वर केली नाही.
नवऱ्याची बाजू घेणारच. शिकवून पाठवली असेल. पण भांडण खोटं असेल तर प्रवीण हल्ली रात्रीचं जेवण स्टँडवर का करतो? मी पाहिलंय त्याला.

१७ मे
नव्या कळ्या. जाळीच्या सावलीत, आतल्या फांद्यांवर. बाहेर लू. भिंत तव्यासारखी. या पण जाणार.
ठरवलं. झाड मागे न्यायचं, माझं मी. बोळाचं काय व्हायचं ते होवो. गड्याला सांगून ठेवलं.

२३ मे
गड्याने पहिली कुदळ मारली आणि यु. ओट्यावरून अनवाणी धावत आले. 'थांब रे! वहिनी, आते नका हालावू. कळ्या शेतस. मुळं तुटनात ते समद्या गळतीन.'
तुम्हीच सांगत होतात ना, हलवा म्हणून?
'तव्हय कळ्या नव्हत्यात.'
प्रवीण फाटकाबाहेर गाडीत बसलेला. इंजिन चालू, खाली उतरला नाही. सगळं बघत होता.
गड्याला परत पाठवला. यु.नी उकरलेली माती हातांनी दाबून बसवली. चहा विचारला, नको म्हणाले. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.
झाड निघत होतं, माझ्याच हाताने. यु. गप्प राहिले असते तर त्यांना बोळ आयता मिळत होता. मग का अडवलं? प्रवीणला दाखवायला? मला?
विचारायला हवं होतं. एप्रिलमधल्या कळ्यांचं पण… जमलं नाही.

२९ मे
आणखी दोन गळल्या. तीन आहेत. एक टोकाशी पांढरी व्हायला लागलीय.
यु. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावरून बघतात. फाटक वाजवत नाहीत. आज उठल्या उठल्या मी फाटकाची कडी काढून ठेवली. फाटक उघडं नाही टाकलं. नुसती कडी.
प्रवीणची गाडी रोजच्यापेक्षा फाटकाला जास्त चिकटून उभी आहे. की मलाच तसं दिसतंय.