खाली डावीकडे गेलेल्या आठ गोळ्या

एनिड, ओक्लाहोमा
सोमवार सकाळ

प्रिय डेल्बर्ट,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम आपल्या आईने लावून दिला; तो मी मोडत नाही. तुझा गुडघा कसा आहे? विनिफ्रेडने मीठ कमी केले का? (केले नसणार. गेल्या नाताळातले हॅम माझ्या जिभेवर अजून आहे.) मी ठणठणीत आहे. नसते, तर या ओळी इतक्या सरळ आल्या नसत्या.

तीन आठवड्यांपूर्वी फोनवर तू मला सल्ला दिलास आणि मी फोन ठेवून दिला, या प्रसंगाचा परामर्श योग्य जागी घेईन. तत्पूर्वी परिस्थिती नीट समजून घे, कारण अर्धवट माहितीवर मत देण्याची तुला सवय आहे, आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्याला ती शोभत नाही.

लेलँड गेला, मी विधवा झाले, आणि पहिले तीन आठवडे चर्चमधून रोज कोणी ना कोणी नूडल्सचे भांडे घेऊन येई. चौथ्या आठवड्यात ती भांडी परत न्यायला माणसे आली. त्यानंतर कोणीच आले नाही. चाळीस वर्षे विद्यापीठात पियानो शिकवलेल्या बाईला कोणी काही विचारू नये, ही अवस्था तुला कळणार नाही. तुझ्या दुकानात निदान लोक गंजलेली शॉटगन घेऊन तरी येतात. अशा वेळी व्हर्नीटा स्टोक्स माझ्या दाराशी आली. (तीस वर्षे शाळेची बस चालवली; आता आमच्या चर्चच्या राखण मंडळाची, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी दारांवर हत्यारानिशी पहारा देणाऱ्यांची, प्रमुख. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा.) म्हणाली, “बाजूचं दार रिकामं पडलंय, प्रोफेसरबाई. लेलँडची जागा. उभ्या राहता का?” मी उभी राहिले. एप्रिलपासून दर रविवारी कोटाखाली लेलँडचे पिस्तूल लावून मी त्या दारात उभी असते, आणि शनिवारी मंडळाच्या न्याहारीला माझ्या नावाची खुर्ची असते. आठवडाभर मी त्या दोन दिवसांची वाट पाहते. हे वाक्य दोनदा वाचू नकोस.

पण मंडळाचा एक नियम आहे. वर्षातून एकदा नेमबाजीची परीक्षा: पंचवीस गोळ्या, वीस तरी कागदावरच्या आकृतीत बसल्या पाहिजेत. माझ्या सतरा बसल्या. आणखी एकच संधी मिळते, ती येत्या शनिवारी सकाळी आठला, न्याहारीच्या आधी. ती हुकली, तर दार बर्डेट क्रेनकडे जाईल. हा गृहस्थ टायर विकतो आणि प्रवचन सुरू होताच उभ्या उभ्या झोपतो, तेही तोंड उघडे ठेवून.

आता माझा युक्तिवाद पाहा. हुकलेल्या आठही गोळ्या खाली डावीकडे, एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. अनाडी माणूस चारी दिशांना चुकतो. एकाच जागी चुकते ते यंत्र. शिवाय माझे बोट! पियानोची पट्टी पन्नास ग्रॅमला खाली जाते, आणि पंचेचाळीस व साठ यांतला फरक मी डोळे मिटून सांगते. लेलँडच्या पिस्तुलाचा ट्रिगर अडीच किलो मागतो, आणि मागताना वाटेत खरखरतो. सदोष वाद्यावर निर्दोष वादन होत नाही. सबब, नवा ट्रिगर. हेच मी तुला फोनवर सांगितले, आणि तू म्हणालास, “ताई, ट्रिगर राहू दे. आधी बोट बघू.” त्यावर, माझ्या बोटाविषयी मत देणाऱ्यांत तुझा क्रमांक फार खाली लागतो, असे म्हणून मी फोन ठेवला. (वाक्य चांगले होते. प्रसंग वाईट होता.)

इथल्या मर्लच्या बंदुकांच्या दुकानात गेले. तिथल्या काउंटरला टेकून रोज तीन माणसे कॉफी पितात, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्यांची मते तयार असतात. मर्ल म्हणाला, “बाई, चपटा घ्या. बोट दर वेळी एकाच जागी बसतं.”

“चपटा काय चपटा!” टोपीवाला एकजण उसळला. “मलाही चपटाच गळ्यात मारलास. अजून नेम लागेना!”

“तुझा नेम लग्नाआधीही लागत नव्हता, हॉबर्ट. लागला असता तर बायको दुसरी मिळाली असती,” दुसरा म्हणाला.

तिसरा कपात बघत म्हणाला, “फार हलका नका करू, बाई. उद्या काही घडलं तर समोरचा वकील कोर्टात म्हणेल, बाईंना घाईच झाली होती.” मी त्यांना सांगितले, की मला आयुष्यात कशाचीही घाई झालेली नाही, इतर लोक आठ मिनिटांत उरकतात ती संथ रचना मी अकरा मिनिटे वाजवते. यावर तिघांनीही आपापली कॉफी पुन्हा भरून घेतली.

पहिला ट्रिगर चपटा. मर्लने बसवून दिला. वजन समाधानकारक, पण गोळी सुटल्यावर पुढे परतताना त्याला काही व्यक्तिमत्त्वच नाही. जांभई देत परततो. गोळ्या सतरा. दुसरा वक्र आणि गुळगुळीत, पण निळा. डेल्बर्ट, निळा! लेलँडने आयुष्यात निळा रुमालही वापरला नाही. तरीही शास्त्रापुढे रुची गौण म्हणून मी तो सहन केला. गोळ्या सोळा. तिसरा अत्युत्तम: हलका, पण उतावळा नाही, एका ठरावीक जागी अडतो, आणि तिथून काच तडकावी तसा स्वच्छ सुटतो. मर्ल त्या आठवड्यात मासे धरायला गेल्यामुळे तो मी स्वतः, स्वयंपाकघराच्या टेबलावर, व्हिडिओ पाहून बसवला. (त्या तरुणाचे व्याकरण भयंकर, पण हात सुरेख.) एक बारीक स्प्रिंग उडून फ्रिजमागे गेली, पाकिटात जास्तीची होती म्हणून निभावले.

गेल्या गुरुवारी तो घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेले. व्हर्नीटा म्हणाली, “आणा ते मॅगझीन, मी भरते. तुम्ही ते आवाज अडवायचं कानांवर चढवा.” मला यात सौजन्याखेरीज काही दिसले नाही. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्याला नुसते ‘टक्’. मी पिस्तूल समोरच धरून ठेवले, आणि तत्क्षणी तिला समजावू लागले, की हलक्या ट्रिगरबरोबर येणारी स्प्रिंग मऊ असते, त्यामुळे काडतुसावर घाव पुरेसा बसत नाही, हा दोष मला अपेक्षितच होता, आणि कंपनीला पत्र लिहून—

“प्रोफेसरबाई,” व्हर्नीटा म्हणाली, “स्प्रिंगचं राहू द्या. काडतूस खोटं होतं. मीच घातलं मधे.”

“का म्हणून?”

“नळी कुठे गेली ते बघायला. तुम्ही बघितलंत का?”

मी पाहिले नव्हते. तिने पुन्हा भरले. खरी किती, खोटी किती, सांगितले नाही. या वेळी मी पाहिले. ‘टक्’ झाले, धमाका झालाच नाही, आणि पिस्तुलाची नळी तरी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी खाली डावीकडे गेली. चार वेळा खोटे आले. चारही वेळा कोंबडीने दाणा टिपला.

“आवाज व्हायच्या आधीच दचकताय तुम्ही,” व्हर्नीटा म्हणाली, आणि त्या बसवाल्या बाईचा आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला. “बिचारा ट्रिगर काय करणार? दहापैकी नऊजण आधी ट्रिगरच बदलतात, बाई. मीही बदलला होता. दोन.”

चाळीस वर्षे मी मुलांना बजावत आले, की पुढच्या सुराच्या धास्तीने हातातल्या सुराचा गळा दाबू नका. काहीजण रडत बाहेर गेले. आणि माझे हे बोट अजून न झालेल्या आवाजाला भिऊन आधीच मुठीत शिरते! तुला सांगते, विनिफ्रेडलाही सांगू नकोस: लेलँड गेल्यापासून मी आवाजाला दचकते. रात्री फ्रिजमध्ये बर्फाचा खडा पडला तरी उठून बसते. घरात दुसरे कोणी नसले, की प्रत्येक आवाज आपल्यासाठीच असतो.

असो. पत्र लांबले, पण सुसंगत आहे. विनिफ्रेडला नमस्कार. मीठ कमी करा.

तुझी बहीण,
ऑगस्टा

ता. क. मूळचा ट्रिगर मी जपून ठेवला आहे. तो तूच परत बसव. मी पुन्हा त्या टेबलाशी बसणार नाही. सोबत उरलेले तीनही आणते. निळा कोणालाही दे, पण माझे नाव सांगू नकोस.

ता. क. २. वरचा मजकूर पुन्हा वाचला. ही एक नोंद सोडली, तर बाकी सर्व अनावश्यक आहे. वाक्ये चांगली साधली म्हणून फाडवत नाही. मुद्दा असा: तुझे म्हणणे बरोबर होते. गुरुवारी दुपारी तुझ्याकडे फोर्ट स्मिथला पोचते. हे पत्र तुला बुधवारी मिळेल, म्हणजे नकार द्यायला वेळ उरणार नाही. दोन दिवस मला पहिल्यापासून शिकव, जणू मी पिस्तूल कधी हातात धरलेच नाही. शुक्रवारी रात्री माझ्याबरोबर एनिडला ये आणि शनिवारी माझ्या मागे उभा राहा. वीस बसल्या तर न्याहारी मंडळाबरोबर. न बसल्या तरी न्याहारी करू, आपण दोघेच, आणि बर्डेटला दारातली जागा मीच दाखवीन.

ता. क. ३. तू सात वर्षांचा असताना मी तुला पियानो शिकवत असे आणि चुकलास की बोटांवर पेन्सिल मारत असे. आता तुझी पाळी आहे; मार. मात्र मारण्याआधी काय चुकले ते सांग. मी तुला कधीच सांगत नसे.