ज्वारीतली मोकळी जागा

वांढ, भाद्रपद वद्य चतुर्थी

चि. रतनला दादीचे अ. आ.

सगळ्यांत आधी आली ती भूजची डॉक्टरीण, झुंजूमुंजू व्हायच्या आधीच. मागून तिचा नवरा, खांद्यावर तीन पायांची दुर्बीण. आल्या आल्या चहा मागतो मेला. मी म्हटलं, बाबा, आधी म्हशीला तर उठू दे.

परमुलखाची पाखरं बघायला दर वर्षी येतात दोघं. यंदा तारेवर निळे चास, ज्वारीत नुसती झुंबड. पण चिवचिव म्हणून नाही. आणि मधल्या बांधावर माणूसभर जागा सोडून बसलेली. उडतानाही तिथे फुटायची, पुढे परत एक व्हायची. डॉक्टरीण म्हणाली, मावशी, त्या भाऊंना जरा बाजूला व्हायला सांगा. मी दुर्बिणीला डोळा लावला. मला कुणी दिसेना, वारा नसताना तिथली ज्वारी तेवढी वाकलेली. तुझा बापू गोफण घेऊन उभा राहायचा ना, तीच जागा गं. मी वेलजी म्हणून हाक मारली, तर ज्वारी माझ्याकडे वळली.

वैशाखात त्याचं गलबत बुडालं. तुझी आई म्हणते, या पितृपक्षात त्याचा घास छपरावर ठेवा. कशाला ठेवू? तो तर घरी आलाय. रोज बांधावर रोटला आणि ताक ठेवते, संध्याकाळी वाटी कोरडी. मी खुशीत आहे. आईला सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल.

माया असू दे.
दादी


मांडवी, वद्य अष्टमी

ती. दादीस रतनचा सा. न. वि. वि.

आधी खाली बस. बापू जिवंत आहे. काल गलबताच्या पेढीवर ओमानच्या सलालाहून फोन आला, मी स्वतः त्याच्याशी बोलले. कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढलं. पाय मोडलाय, ताप डोक्यात गेला होता, इतके महिने तोंडातून शब्द नव्हता. पहिलं काय विचारलं, तर म्हैस व्याली का. दसऱ्याला घरी येतोय. आई हसतेय नि रडतेय.

पण दादी, मग बांधावर तू जेवू घालतेस ते कुणाला? तो घास आजच बंद कर. बापूच्या नावाने तर हाक मारूच नकोस.

तुझ्या काळजीत असलेली,
रतन


वांढ, वद्य एकादशी

चि. रतनला अ. आ.

अख्ख्या वांढीत, घराघरात गूळ वाटला बाई. डॉक्टरीणबाईंना लाडू बांधून ठेवलेत.

तुझं ऐकून घास बंद केला. दुसऱ्या दिवशी ती मोकळी जागा कुंपणाशी आली. आज दाराशी आहे. चिमण्या तेवढं अंगण सोडून दाणे टिपतात, म्हैस गोठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. मी त्याला नीट सांगितलं, लेकरा, तू वेलजी नाहीस, माझा वेलजी यायचाय. तरी हलत नाही. मीच त्याला ते नाव दिलं, आता तो ते कसं सोडेल?

बापूला लगेच विचार, गलबताबरोबर कोण बुडालं, ज्याच्या मागे हाक मारायला कुणी नाही? त्याचं खरं नाव कळव. त्या नावाने घास छपरावर ठेवीन. नाहीतर दसऱ्याला वेलजी आला, तर कोणत्या दारातून आत येईल?

मला तो दिसत नाही, डॉक्टरीणबाईंना दिसतो. गेला की नाही, त्याच सांगतील. अमावास्येला सकाळी येतो म्हणाल्यात.

नाव घेऊन येणाऱ्या पत्राची वाट बघणारी,
दादी