पेन्शनच्या फॉर्मचे जोडफोटो

९ एप्रिल २०००
कंपनीनं दिलेली गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडून होती. कंपनी बंद पडली, आता डायरी सुरू. छापील तारखा खोडून वर खऱ्या लिहीन. कोरा कागद वाया घालवणं जिवावर येतं.

सातपूरच्या कारखान्यातून शेवटचे कागद आणले. पी. एफ. निघेल. पेन्शनचं मात्र त्रांगडं आहे. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नला. पन्नाशीनंतर केव्हाही सुरू करता येते, पण जितकी वर्षं आधी तितकी कात्री, आणि ती कायमची. मला जूनमध्ये एक्कावन्न पूर्ण होतील. माझ्यामागं सुमनला मिळणार ती माझ्या निम्मी. म्हणजे मी आता घाई केली तर तिच्या वाट्याला कापलेल्यातलं निम्मं.

सुमन ओट्यावर गजरे करत बसली होती. सगळं समजावून सांगितलं.
"मग?"
"मग थांबायचं. सात वर्षं."
तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "तवर काय करणार?"
ते अजून ठरलं नाही.

१७ एप्रिल
खैरनार भेटला. माझ्याच खात्यातला, बागलाणकडचा. वयानं माझ्याएवढाच. त्यानं फॉर्म भरूनसुद्धा टाकला. मी म्हटलं, कात्री लागेल की. तर म्हणतो, "लागू दे. आपलाच पैसा शे भाऊ. घेवाले लाज कसानी?" लाजेचा प्रश्न नाही. पण त्याला हे पटवायला गेलो असतो तर त्यानं चहाचे पैसेही मलाच द्यायला लावले असते. तसे लावलेच.

२ मे
अंबडला एका शेडमध्ये लेथवर लागलो. पंचवीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या, आता स्वतःच्या काढायच्या. दिवसभर उभं. पाय भरून येतात. घरी सांगितलं नाही, पण मखमलाबादच्या बसमधून मी ज्या तऱ्हेनं उतरतो ते सुमन मळ्याच्या बांधावरून बघते.

२१ मे
सु. म्हणाली, भरू नका, पण फॉर्म आणून ठेवायला काय जातं? आणला. त्यात नवराबायकोचा जोडफोटो लागतो. आमचा जोडफोटो नाही. लग्नाचा एक ग्रूप आहे, त्यात हिची मान एवढी खाली आहे की ओळख फक्त पदराच्या काठावरून पटते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

पंचवटीतल्या स्टुडिओत गेलो. फोटोवाल्या पगारेंनी हिला माझ्या उजवीकडे बसवलं. ही उठली. "उजवीकडं पूजेला बसतात. आपण काय सत्यनारायणाला आलोय?" डावीकडे येऊन बसली. पगारे म्हणाले, जवळ सरका. आम्ही दोघंही सरकलो, पण बहुतेक एकाच दिशेला. मध्ये अंतर तेवढंच राहिलं.

मोगऱ्याचा गजरा घातला होता तिनं. घरच्या शेतातला, विकायच्या टोपलीतून काढून ठेवलेला.

५ जून
पी. एफ. ऑफिस. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वरून खाली पाहिला. एका जागेवर बोट ठेवलं. पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी, ती तारीख. "ही भरली नाहीत."
मी म्हटलं, "विचार करून येतो."
बाई म्हणाल्या, "या. आम्ही इथंच आहोत."
सु. बरोबर आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "फोटोचे पैसे वाया गेले." मग थोड्या वेळानं, "पण चांगला आलाय."
फोटो फॉर्मला न चिकटवता पाकिटात ठेवला.

११ नोव्हेंबर २००१
दसऱ्यापासून पाय जास्तच सुजतात. काल सु.नं गरम पाण्याची बादली आणून समोर ठेवली आणि स्वतः खाली बसली. मी म्हटलं, राहू दे, मी करतो. म्हणाली, "गप बसा. लय झालं तुमचं. दिवसभर हुबं राहायचं नि घरी येऊन म्हणायचं काय नाय झालं."
मग ती गुलाबाचं बोलली. "गुलाब अर्धा उमलला की तोडत्यात. पुरा फुलायची वाट बघितली तर बाजारात नुसता देठ जातो. तुम्हाला एवढी गोष्ट कळंना?"
इन्स्पेक्शनमध्ये असं बोलणारं कोणी नव्हतं.

१९ नोव्हेंबर
परत ऑफिस. त्याच बाई. फोटो जुना झाला, ताजा हवा, म्हणाल्या. बरोबर आहे, नियम आहे. स्टुडिओत गेलो. पगारेंनी विचारलं, डावीकडेच ना? या वेळी शेवंती. ती पिवळी, ठसठशीत. फोटोत हिचं डोकं माझ्यापेक्षा मोठं दिसतंय.

आणि फोटो हातात आल्यावर माझं मन पुन्हा फिरलं. हा फोटो बघताना वाटलं, मी गेल्यावर ही अशीच शेवंती विकत बसणार. पन्नास रुपयांचा फरकसुद्धा तिला मोठा पडेल. त्या वेळी ते पन्नास कमी असण्याचं कारण मी असेन. फॉर्म पिशवीतच राहिला.

तिला हे सगळं सांगता आलं नाही. "अजून जरा थांबू" एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "थांबा."

६ नोव्हेंबर २००२
दिवाळीला लेक वैशाली आली, कळवणहून, नातीला घेऊन. कपाट आवरताना तिला फॉर्मचं पाकीट सापडलं. आता त्यात तीन फोटो आहेत. यंदा मार्चमध्येही एक चक्कर झाली, त्याबद्दल लिहायचं राहून गेलं, लिहिण्यासारखं काही नव्हतं. गेलो, काढला, आलो.

वैशाली हसून हसून दमली. "अण्णा, तुम्ही पेन्शन नाही काढत, अल्बम काढताय." मग तिनं तिन्ही फोटो ओळीनं मांडले आणि म्हणाली, "बघा, तुमच्यातलं अंतर कमी होत चाललंय."
काहीतरीच. ती गेल्यावर मी पट्टी लावून पाहिलं. होत चाललंय.

सु.नं मला पट्टी लावताना बघितलं. जेवताना ती दोनदा उगाच हसली. मला ही बाई अजून आवडते. पंचावन्नच्या आत हे लिहून ठेवायला हरकत नाही.

२३ फेब्रुवारी २००३
खैरनार सटाण्याला कायमचा राहायला गेला. जाण्याआधी भेटायला आला. दर महिन्याला बँकेतून पैसे काढतो आणि भावाच्या कांद्याच्या शेतात फिरत असतो. सु.ला म्हणाला, "वहिनी, याले सांगा. हा नुसता मापत बसेल शे."
सु. म्हणाली, "भाऊजी, मापू द्या. त्यांचं तेच काम हाय."
तो गेल्यावर तिनं विचारलं, खरं सांगा, कशासाठी थांबलाय? मग मी सांगितलं. पहिल्यांदाच नीट. की मी सहा वर्षांनी मोठा, माझं बी.पी., आमच्या घराण्यात पुरुष साठीच्या पुढं गेलेले नाहीत. तुझ्यासाठी थांबलोय.
बराच वेळ ती टोपलीतली फुलं खालवर करत राहिली. म्हणाली, "मला तुमच्या मागचं नको. तुमच्या बरोबरचं पायजे."
डोळ्यांत पाणी आलं. माझ्या. तिच्या नाही.

२८ फेब्रुवारी
शेडच्या मालकाला सांगून अर्धा दिवस केला. हा माझा तह. पेन्शन नाही, पण दुपारी दोनला घरी. सु.ला मंजूर. दुपारी दोघं मिळून गजरे करतो. माझे गजरे एकसारखे असतात, फूल-फूल मोजून. तिचे भराभर. गिऱ्हाईक तिचेच उचलतं.

१४ जुलै २००४
चौथा फोटो. अबोली. या खेपेला ऑफिसपर्यंत गेलोच नाही, थेट स्टुडिओतून घरी. सु. म्हणाली, मग फोटो कशाला काढला? मी म्हटलं, असू दे. पगारेंनी पैसे कमी घेतले. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणाले.

३ ऑक्टोबर २००५
सु.ला फुलं तोडताना धाप लागते, हे मला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं. आज सरीतच बसली. मी चहा घेऊन गेलो तर ओठ काळपट.

डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या. हृदयाची एक झडप खराब आहे. लहानपणी अंगात ताप मुरला असेल, म्हणाले. लगेच काही नाही, बघत राहू, पुढंमागं ऑपरेशन लागेल. "लागेलच का?" "लागू शकतं."

रिक्षात ती म्हणाली, "शेवंतीला पाणी द्यायचंय."

५ ऑक्टोबर
एवढी वर्षं किती कागद काळे केले. या वयाला घेतली तर इतकी, त्या वयाला घेतली तर तितकी, मी गेल्यावर हिला इतकी. प्रत्येक कागदावर मी आधी जातो. एकाही कागदावर ती आधी जात नाही. मला तसं सुचलंसुद्धा नाही.

इन्स्पेक्शनमध्ये मी माणसांना शिकवायचो, जे तपासायचं सुचत नाही तिथंच चूक असते.

पाच वर्षं तिला थांबवलं. आधी अख्खे दिवस लेथला दिले, मग दुपारी दोनपर्यंतचे. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

२० ऑक्टोबर
शेड सोडली. मालक म्हणाला, आता अठ्ठावन्नला किती राहिलं, दीडेक वर्ष? थांबायचं होतं की. मी म्हटलं, हो.
सकाळी तिच्याबरोबर शेतात. ती बांधावर बसते, मी तोडतो. "ते नको, त्याच्या शेजारचं." साठ टक्के फुलं मी चुकीची तोडतो असं तिचं म्हणणं आहे. हा आकडा तिनं कुठून काढला माहीत नाही.

८ जानेवारी २००६
पी. एफ.चे पैसे औषधाला पुरतायत. वैशालीही पाठवते, नको म्हटलं तरी. सु.ला सांगितलं, आता पेन्शन चालू करू. कात्री लागू दे.
मला वाटलं ती म्हणेल, आत्ता आलं का शहाणपण. तर ती म्हणाली, "आता कशाला? थोडं तर राहिलंय. थांबा."
"सहा वर्षं माझ्या मागं लागली होतीस."
"तेव्हाचं वेगळं होतं."
"काय वेगळं?"
ती टोपली घेऊन उठली.

१५ एप्रिल
वैशालीकडून कळलं. सु. तिला फोनवर म्हणाली, "अण्णांना पुढं एकट्यानं दिवस काढायचेत. त्यांना पुरी पेन्शन पायजे. मी हाय तवर काय, फुलावर भागतं."
म्हणजे माझाच कागद, फक्त नावं उलटी. शेतात जाऊन तिच्याशेजारी बांधावर बसलो. ती म्हणाली, फुलं कोण तोडणार? मी म्हटलं, आज नाही तोडत. तिनं ऐकून घेतलं.

२ डिसेंबर
डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन आता लांबवू नये. मुंबईला जावं लागेल. उन्हाळ्याच्या आत.
जूनला मला अठ्ठावन्न पूर्ण. सहा महिने. त्यासाठी सगळे म्हणतात थांबा: वैशाली, जावई, अगदी सटाण्याहून खैरनारसुद्धा. त्याचा फोन आला, "आते तर थांबी जाय, येडा." सहा वर्षांपूर्वी हाच मला उलटं सांगत होता.

९ डिसेंबर
आज सु. स्वतःहून म्हणाली, चला, फोटो काढून येऊ. "ऑपरेशनच्या आधीचा एक असू दे." मी रागावलो. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही, शेवंती माळली, हिरवी साडी नेसली.

पगारेंचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी सवयीनं कॅमेऱ्यामागून म्हटलं, जवळ सरका. मग डोकं वर काढून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. बरोबर आहे."

११ डिसेंबर
ऑफिसला दोघं गेलो. खिडकीत त्याच बाई, आता चष्मा लागलाय. म्हणाल्या, "आलात? मी म्हटलं विसरलात आम्हाला." सु.नं पिशवीतून पाकीट काढलं आणि जुने चारही फोटो बाईंपुढे मांडले. मागच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. बाईंनी एकेक उचलून पाहिला. मोगरा, शेवंती, मग मार्चमधला गुलाब, अबोली. म्हणाल्या, "यातला एक मला द्या हो." सु.नं गुलाबाचा दिला.

पाचवा फॉर्मवर चिकटवला. बाईंनीच डिंक दिला. मग त्या जागेवर बोट ठेवलं. "तारीख?"

मी म्हटलं, आजची. सु. म्हणाली, जूनची. दोघंही एकदमच बोललो. बाई म्हणाल्या, "घरी ठरवून या. उद्याही ऑफिस आहे."

बाहेर पायरीवर बसलो. तिला चढ-उतार एकदम झेपत नाही. मी म्हटलं, "तू माझ्या मागचं बघू नकोस." ती म्हणाली, "तुम्ही सात वर्षं बघितलं. मी सहा महिने पण नाय बघायचं?"
फॉर्म तिच्या पिशवीत आहे. घरी येताना तिनं माझ्या खिशातलं पेनही काढून घेतलं. मी मागितलं नाही. शेवंतीला आज मी पाणी दिलं, ती बांधावर बसून होती. उद्या सकाळी ऑफिसला जायला दहाची बस आहे.